तिबेटचा बर्फ आणि आमचा मचवा

वैशाख सरत आला की आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज चढत. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या बेगमीची, कामं अंगावर आलेली असत आणि प्रत्येकाची खात्री असे की आपण एकटेच राबतो आहोत, बाकीचे नुसते मध्येमध्ये येत आहेत. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एका बाजूला आईने कोकमाची सोलं वाळत घातलेली, दुसऱ्या बाजूला सुपांवर आंब्याची साठं, आणि मधल्या वीतभर वाटेने आम्ही, कोंबड्या आणि जळाऊ लाकडं घेऊन येणारे गडी जायचे. काकी माडाच्या सावलीत बसून सुक्या बांगड्यांवरचे कावळे हाकायची आणि त्याच सुरात माणसंही हाकायची. "मेल्या, साटार पाय पडलो तर पाय मोडून हातात देयन!" हे वाक्य मला दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, त्यातलं निम्मं आबांसाठी असायचं. दुपारी उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. त्या वासाने मला अजून भूक लागते, आणि त्याच वासाने मान खाली जाते. दोन्ही का, ते एकदाचं लिहून टाकायचं म्हणून हे प्रकरण.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, काकी त्यांची बायको. वडील मुंबईला नोकरीला, गणपतीपुरते यायचे. त्यामुळे घर आबांचं आणि खाडीत नांगरलेला मचवाही आबांचा. आबांचा स्वभाव असा की ठरवलेली गोष्ट ते दिवसातून चार वेळा मोडून पुन्हा ठरवायचे, आणि दर वेळी घरातल्या सगळ्यांना हाका मारून ठरवायचे. मचवा मालाची ने-आण करायचा; कधी मीठ, कधी आंब्याच्या पेट्या, कधी मंगळुरी कौलं. पण मचव्यावर आबांची सत्ता किनाऱ्यापर्यंतच. पाण्यात सत्ता हसन तांडेलाची.

आमच्या बंदरावर एक रीत होती. आगोटीला शेवटची फेरी झाली की तांडेल मचव्याचं सुकाणू स्वतः काढायचा, खांद्यावर घालून मालकाच्या घरी आणायचा आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवायचा. घरची बाई त्याच्यापुढे नारळ ठेवायची. हसनकाका मुसलमान, आम्ही हिंदू. म्हणून नारळ नुसता ठेवायचा, फोडायचा नाही, अशी तडजोड कुणाच्या तरी पणजोबांनी करून ठेवली होती आणि ती दोन्ही घरांना सोयीची होती. एकदा सुकाणू पडवीत आलं की नारळी पौर्णिमेपर्यंत मचवा पाण्याला लागत नसे. मध्येच ते परत न्यायचं झालंच, तर तांडेलाच्याच हातांनी. मालकाने त्याला बोटही लावायचं नाही. मालकाला पाण्यातलं काही कळत नाही, हा त्या रीतीचा सरळ अर्थ होता, आणि तो आबांना दर वर्षी नव्याने झोंबायचा.

हसनकाका तो दिवस ठरवायचे कसा, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. खाडीच्या तोंडाबाहेर होडी न्यायची, नारळाचं एक सोडण, सोललेल्या सालीचा तुकडा, पाण्यावर टाकायचं आणि विडी संपेपर्यंत बघत बसायचं. थंडीच्या दिवसांत सोडण उत्तरेला, देवगडच्या अंगाला सरकायचं. उन्हाळा तापत गेला की पाणी फिरायचं आणि तेच सोडण दक्षिणेकडे ओढलं जायचं. मग खोली मोजायची दोरी, टोकाला शिशाचा गोळा बांधलेली, तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, वर ओढायची आणि तो गोळा गालाला लावायचा. वरचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट, आणि शिसं गार. "खालसून थंड पाणी चढाक लागला," ते म्हणायचे, "आता दिवस मोजूचे." आणि मोजायचे. मला आठवतं तेवढ्या वर्षांत एका दिवसाच्या वर चुकले नाहीत.

मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात होतो, आणि त्या बंदरावरून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. पुढचा सगळा गाढवपणा त्यातूनच आला. फोंडाघाट चढून एसटी वर गेली की तासा-दोन तासांत दुनिया बदलायची. खाली चिखल, शेवाळ, माड. वर माथा ओलांडला की पाऊस हळूहळू पातळ होत जायचा, आणि पूर्वेला थोडं सरकलं की माणसं आभाळाकडे बघत बसलेली. आमच्याकडे ओतणारे ढग पठाराच्या कडेवर रिकामे होऊन पुढे जातात, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. ते समजावून सांगितलं ते आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी. ते टेबलावर डस्टर कडेवर उभा करून म्हणायचे, "हा सह्याद्री." मग स्वतःची खुर्ची उचलून टेबलावर ठेवायचे. "आणि हा तिबेट." वर्ग हसायचा. मी हसत नव्हतो. मला पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या घरापुढचा पाऊस कुठून सुरू होतो ते सांगत होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. तिबेट हा नुसता डोंगर नव्हे, चार-साडेचार किलोमीटर उंचीवर पसरलेलं प्रचंड पठार आहे. उन्हाळ्यात सूर्य ती जमीन तापवतो. एरवी त्या उंचीवर हवा गार असते. पण तिथे तव्यासारखी जमीनच वर उचलून धरलेली, त्यामुळे हवा उंचावरच तापते, चढते, आणि तिची जागा भरायला दक्षिणेच्या समुद्रावरून वारे धावत येतात. ते वारे म्हणजे आपला मोसमी पाऊस. हिवाळ्यात पठारावर बर्फ जास्त साठला, तर ऊन आधी तो वितळवण्यात खर्च होतं, पठार उशिरा तापतं आणि पाऊस उशिरा येतो. "असं काहींचं मत आहे," हेही ते म्हणाले होते. ते माझ्या वहीत नाही. बाकी सगळं आहे, आकृत्यांसकट.

त्या वर्षी हिमालयाकडे बर्फ फार पडल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. एवढ्या भांडवलावर मी सुट्टीला घरी आलो.

त्या दिवशी सकाळी हसनकाका सुकाणू घेऊन आले. पडवीत भिंतीला टेकवलं, डोक्याच्या फडक्याने मान पुसली आणि म्हणाले, "आबानू, झाला. चार दिवसात दर्या खवळतलो. पाचवो नाय."

आबा पेज पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "अरे, पण कौलां?"

कौलांची भानगड अशी. देवगडच्या वाटेवर एका खाडीकाठच्या गावात लोकांनी शाळा बांधली होती. भिंती उभ्या, वासे चढलेले, कौलं मात्र आमच्या धक्क्यावर पडून. तीन फेऱ्यांची कौलं आबांनी पोचवायची होती. दोन फेऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या फेरीसाठी आबांना रोज मुहूर्त सापडत होता आणि रोज मोडत होता.

"एक फेरी ऱ्हवली रे. मी शबद दिलंय त्यांका. पोरां पावसात बसतली?"

"शबद तुमी दिलात," हसनकाका म्हणाले, "दर्यान दिल्यान नाय."

"गेले धा दिवस काय करी होतात?" काकी आतून ओरडली. "सोमवारी जाऊया, मंगळवारी जाऊया! आता तांडेलार कशाक वराडतास?"

"तू गप ऱ्हव गो!"

"माका गप करा, पावसाक गप करा!"

हे असंच तासभर चाललं असतं आणि सुकाणू पडवीतच राहिलं असतं. पण उंबऱ्यात मी उभा होतो. मी म्हणालो, चार दिवसांत पाऊस येणार नाही, निदान आठ-दहा दिवस तरी नाही. सगळे माझ्याकडे वळले. काय ते वळणं! मी काकीचा पाट उचलला, खळ्याच्या मधोमध उलट्या पायलीवर ठेवला, हा तिबेट म्हणून सांगितलं, आणि आईने आमटीला किसून ठेवलेलं खोबरं बर्फ म्हणून त्याच्यावर पसरलं.

"शिरा पडो तुझ्या तिबेटार!" काकी धावत आली. "माझा खोबरा!"

मी तरीही बोलत राहिलो. खलाशी दोघे कुंपणाला टेकून ऐकत होते. हसनकाकांची मुलगी जैनब, माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान, बापासाठी भाकरी घेऊन आली होती, तीही थांबली. आबांच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडत चालला होता. त्यांना पठारात रस नव्हता. आपल्याला हवं तेच कुणीतरी पुस्तकाच्या भाषेत सांगत आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

हसनकाकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "ह्यां तिबेट खंय आसा? घाटाच्या वर?"

"हिमालयाच्या पलीकडे."

"म्हणजे कोल्हापुराच्याय फुडे." खलाशी हसले. "बाबा रे, थंयचो बर्फ माका दिसणा नाय. शिसां माझ्या हातात आसा. ता थंड लागता." आणि पाटाकडे बघून, "हो बर्फ तेवढो काकीक परत दी. आमटी व्हयी मां?"

जैनबसुद्धा हसली. त्यात कुचेष्टा नव्हती, आज कळतं. घरचं माणूस घरच्या माणसाला हसतं तसं ते हसणं होतं. पण मी एकोणीस वर्षांचा होतो, कोल्हापूरहून आलो होतो, आणि माझ्या हाताला खोबरं लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो. हसनकाका मचवा झाकायला माडाच्या चुडत्यांची विणलेली झापं मोजत होते, जैनब त्यांना ती उचलून देत होती. मी म्हणालो, "हसनकाका, रेडियोर सांगितल्यांनी. पावस यंदा धा दिवस लांबलो."

त्यांचा हात थांबला. "खंयच्या रेडियोर?"

"वाण्याच्या. आता ऐकून इलंय."

वाण्याच्या दुकानाकडे मी गेलोही नव्हतो. वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच वाटलं की हे काही अगदी खोटं नाही. रेडिओवाल्यांनाही जे माहीत असणार तेच मी सांगितलं आहे, फक्त त्यांच्या नावाने. माणूस स्वतःची समजूत किती झटकन घालतो, याचा मला पुढे वर्गात पोरांना रागावताना फार उपयोग झाला.

हसनकाका समुद्राकडे बघत राहिले. मग गाल चोळला, जिथे ते शिसं लावायचे तिथे. "दिल्लीवाल्यांका दिसत असतला," ते म्हणाले, "माझा शिसां बारा वाव खालचा सांगता. तेंचा लांबचा आसा." आणि थोड्या वेळाने, "शाळेचा काम. पोरां भिजतली." त्यांनी झापं खाली ठेवली, आमच्या घरी आले, पडवीतलं सुकाणू उचललं आणि परत घेऊन गेले. काकीने नारळ उचलून आत नेला. आबा इतके खूश झाले की त्या दुपारी त्यांनी मला स्वतःच्या ताटातला बांगडा काढून दिला. मी तो खाल्ला.

कौलं चढवायला दीड दिवस गेला. चौथ्या दिवशी पहाटे मचवा निघाला. तिसऱ्या प्रहरापर्यंत ऊन होतं. मग समुद्राची गाज बदलली. रोज समोरून यायची ती डाव्या हाताने, दक्षिणेकडून येऊ लागली, आणि आई सोलं गोळा करता करता थांबून म्हणाली, "ह्यां काय गो?" अर्ध्या तासात खळ्यातली सुपं कुंपणापलीकडे गेली होती, माड जमिनीला डोकं लावत होते आणि आबा पडवीत ज्या भिंतीला सुकाणू टेकलेलं होतं तिथे पाठ लावून बसले होते, कुणालाही हाक न मारता.

चौघे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. हसनकाका, दोन खलाशी आणि मचव्यावर स्वयंपाक करणारा भंडारी. त्यातल्या एका खलाशाचा हात गळ्यात बांधलेला. मचवा त्या शाळेच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर बसला आणि फुटला. माणसं वाचली ती हसनकाकांनी शीड वेळेवर कापलं म्हणून, हे खलाशांनी सांगितलं. पण ते कुणाला ऐकायचं नव्हतं. खळ्यात बंदरावरचे सगळे मचवेवाले जमले होते आणि सगळ्यांचा एकच प्रश्न होता: पडवीत आलेलं सुकाणू तांडेलाने परत नेलंच का?

"रेडियोर सांगितल्यांनी," हसनकाका म्हणाले.

"कोणी ऐकला?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. रागाने नव्हे, दाखवायला सांगितलं म्हणून. "ह्यान. वाण्याच्या रेडियोर."

वाणी तिथेच होता. म्हणाला, "माझ्या रेडियोचे सेल संपान आठ दिवस झाले. मुको पडलोहा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आबांना माहीत होतं. मी काय बोललो ते नव्हे, पण मी काहीतरी बोललो असणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी पुढची कितीतरी वर्षं आधार समजत आलो. ती खरं तर विनंती होती, घरावर येऊ देऊ नकोस म्हणून. मी सरळ उभा राहिलो आणि कॉलेजातल्या स्वच्छ मराठीत म्हणालो, "मी रेडिओचं काहीही बोललो नाही. माझा पावसाचा अंदाज मी इथेच, सर्वांसमोर सांगितला होता. तो त्यांनी हसण्यावारी नेला. त्यानंतर त्यांनी काय ठरवलं, ते त्यांचं त्यांना माहीत."

आमच्या खळ्यात तशी भाषा फक्त कचेरीतला माणूस आला तर बोलली जायची. तिचा परिणाम झाला.

"तू बोल्लंस!" जैनब ओरडली. "धक्क्यार, माझ्यासमोर बोल्लंस! झापां होती माझ्या हातात!"

"चेडवा, तू घराक जा," कुणीतरी म्हणालं. आणि दुसरं कुणीतरी, मागून, "सेल नसलेलो रेडियो फकत हसनाकच ऐकाक येता!" हशा पिकला. घाबरलेल्या माणसांना हसायला काहीतरी मिळालं की ती सोडत नाहीत. हसनकाका माझ्याकडे बघत होते. ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते मुलीचा हात धरून निघून गेले.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांना कुणी मचवा दिला नाही, पुढच्या वर्षीही नाही. चुकलेला तांडेल एक वेळ चालतो, खोटं बोलणारा चालत नाही. दोन वर्षांनी ते कुटुंब उठून फोंडाघाटला गेलं आणि हसनकाका तिथे बाजारात सुकी मासळी विकू लागले. ज्या माणसाला दर्याच्या पाण्यावरून दिवस कळायचा, तो घाटाच्या पायथ्याशी, समुद्र ऐकूही येणार नाही अशा ठिकाणी राहिला, आणि तिथेच गेला. मी त्या वाटेने कोल्हापूरला कितीदा गेलो असेन! एसटी बाजारात थांबायची. मी उजव्या बाजूची खिडकी धरायचो, कारण मासळीवाले डाव्या बाजूला बसायचे.

आणि मागे राहिला तो ‘हसनचो रेडियो’. कुणी पत्ता नसलेली बातमी सांगितली की आमच्याकडे म्हणतात, ह्यो काय, हसनचो रेडियो! निवडणुकीत म्हणतात, लग्नाच्या बोलण्यांत म्हणतात. हल्ली मोबाइलवर वादळाच्या अफवा फिरतात, त्यांच्याखाली हेच लिहितात. माझ्या स्वतःच्या मुलाने मला मागच्या वर्षी फोनवर ऐकवलं, आणि त्याला बिचाऱ्याला हसन नावाचं कुणी होतं हेही माहीत नाही. त्याला वाटतं ती रेडिओची एखादी जुनी कंपनी असेल.

मी भूगोलाचा शिक्षक झालो. दुसरं काय होणार होतो? खुर्ची टेबलावर ठेवून तिबेट शिकवला, वर्षानुवर्षं. वाचत राहिलो, आणि वाचेन तसा माझा तो पाटावरचा तिबेट मोडत गेला. पठार नुसती चूल नाही; ते आणि हिमालय मिळून भिंतही आहे, उत्तरेची कोरडी थंड हवा ती अडवते म्हणून दक्षिणेची ओली हवा इथे तापत, साचत राहते. चूल मोठी की भिंत मोठी, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. बर्फ आणि उशीर यांचा संबंध तर कधी दिसतो, कधी दिसत नाही. आणि समुद्र? ज्या वाऱ्यांना ते पठार वळण देतं, तेच वारे आमच्या किनाऱ्याचं पाणी फिरवतात. किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी चढतं. त्याची सुरुवात पार लंकेच्या पलीकडूनही होते म्हणे. ज्या पुस्तकात हे वाचलं ते मी मिटून ठेवलं आणि त्या दिवशी शाळेत गेलो नाही. हसनकाकांनी गालाला लावलेला गोळा त्या सगळ्या यंत्राचाच एक काटा होता. मी त्या यंत्राचं नाव शिकून आलो होतो, एवढंच.

मधली बरीच वर्षं मी आणखी एका युक्तिवादावर काढली, तोही लिहून टाकतो. त्या दिवशी आलं ते वादळ होतं. खरा मोसमी पाऊस त्यानंतर आठवड्याने लागला. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने माझा अंदाज बरोबर होता! हे मी मनात इतक्यांदा घोळवलं आहे की शरम वाटते. हसनकाकांनी मोसमी पावसाचं नाव घेतलंच नव्हतं. चार दिवसांत दर्या खवळेल, एवढंच ते म्हणाले होते.

गेल्या वर्षी त्या शाळेने स्मरणिका काढली. त्यात ‘गमतीजमती’ म्हणून एक पान, आणि त्यावर हसनचा रेडिओ: आमच्या शाळेची कौलं एका बढाईखोर तांडेलाने कशी बुडवली. सोबत व्यंगचित्र, दाढी, लुंगी, कानाला रेडिओ. मी चिटणिसांना फोन केला. ते माझेच विद्यार्थी.

"सर, गमतीचा लेख आहे," ते म्हणाले. "कशाला मनाला लावून घेता?"

"तो खोटा आहे."

"इतक्या वर्षांनी कोण बघतंय, सर? तुम्ही आमच्यासाठी हवामानबदलावर एक छान लेख द्या ना. तिबेटचं तुम्ही काय सुंदर शिकवायचात!"

मी फोन ठेवला. राग आला होताच, पण सगळ्यात संताप याचा की रागवायचा अधिकार मला नव्हता. त्या माणसाने जे छापलं ते माझ्या साक्षीवर छापलं होतं.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी फोंडाघाटला गेलो. जैनब तिथेच आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. मला बघून उठली नाही. "येवा मास्तरानू," म्हणाली. "खिडकी बदललात काय?" म्हणजे तिने पाहिलं होतं. पिशवीतून कागद काढले आणि वाचायला लागलो.

ती डोळे मिटून ऐकत होती. सोडणाचं आलं तेव्हा मान हलली. शिसं कुठल्या गालाला ते मी लिहिलं नव्हतं. तिने न विचारता स्वतःचा डावा गाल दाखवला. खळ्यातल्या प्रसंगाशी पोचलो तेव्हा मी थांबलो. तिने पाणी दिलं नाही. वाट पाहिली. मी पुढे वाचलं. वाचून संपलं तेव्हा बाहेर एक माणूस मिक्सर दुरुस्तीचा पुकारा करत होता.

"बरा लिवलात," ती म्हणाली. "खोटा नाय खंय."

"म्हणजे देऊ छापायला?"

"तिबेटाचा काढून टाका."

मला कळेना. "कुठलं?"

"सगळा. खुर्ची, बर्फ, भिंत, चूल. लोक वाचतले नि म्हणतले, पोरगो केवढो हुशार होतो, जरासो चुकलो. माझ्या बापाशीचा कोण वाचतलो? तो परत थंयच, तुमच्या आकृतीत." ती पाय चोळत होती. "तुमका तिबेट म्हायत होता म्हणान तुमी खोटा बोललात नाय, मास्तरानू. तुमका हसले म्हणान बोललात. तेवढाच लिवा."

मी म्हणालो की ते ठेवलं नाही तर लोकांना कळणार नाही. "काय कळूचा आसा?" ती म्हणाली, आणि मी कागद पिशवीत घातले.

घरी येऊन लाल पेन घेऊन बसलो. वाऱ्यांच्या वरच्या झोताची दोन पानं होती, ती काढली. पठार कसं उचललं गेलं त्याचं एक पान होतं, तेही काढलं. पुढे हात चालेना. वर तिबेटचं जे शिल्लक दिसतं आहे ते मी ठेवलेलं आहे, तिच्या संमतीशिवाय. काल फोन करून तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "वाटलाच माका," आणि फोन ठेवला.